पन्नास पुंगळ्या

काडतुसं घरी भरण्याचा नाद असलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात. मोकळा वेळ आणि वाकणारी कंबर. मला पहिली मिळाली तोवर दुसरी गेली होती. रोझबर्गच्या बाहेर वाळूची जुनी खाण आहे, तिथं शेरीफची माणसं दर गुरुवारी नेमबाजीचा सराव करतात आणि रिकाम्या पुंगळ्या, गोळी सुटल्यावर उरलेली पितळी नळकांडी, तिथंच टाकून जातात. शुक्रवारी सकाळी मी बादली घेऊन पोचतो. खिशात लोहचुंबक असतं, कारण हल्ली लोखंडी पुंगळीवर पितळेचा मुलामा देतात आणि तो माल माझ्या कामाचा नाही. चुंबकाला चिकटली की फेकून द्यायची. उरलेल्या घरी आणून, बुडावरचा कारखान्याचा शिक्का बघून वेगवेगळ्या डब्यांत टाकायच्या. एका कारखान्याचा माल दुसऱ्यात मिसळणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

एवढा खटाटोप का, तर माझ्या रायफलीच्या मापाचं काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही. या मापाच्या रायफली दोनच. एक माझी, दुसरी माझा जुना मित्र रॉली फाइस्ट याची. एकाहत्तर साली आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्यानं एकाच हत्यारानं दोन्ही नळ्या कोरल्या आणि पुढच्या वर्षी तो मरून गेला. कुरणात बिळं करणाऱ्या गोफरांसाठी बारीक, वेगवान गोळी हवी होती आम्हाला. गाईचा पाय बिळात गेला की मोडतोच. तर आता करायचं काय? मोठ्या मापाची पुंगळी घ्यायची, कापायची आणि तिची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, साच्यात दाबून बारीक करायची. एकदम नाही, तीन साच्यांतून तीनदा.

पितळेचा स्वभाव असा की दाबलं की ते कडक होतं. कडक झालेल्या मानेला पुन्हा दाबलं की ती उभी चिरते. म्हणून मध्ये एकदा ताव देऊन ती मऊ करावी लागते. पुंगळीचं बूड बोटांत धरायचं, मान डाग द्यायच्या गॅसबत्तीच्या जाळावर धरून फिरवत राहायचं आणि मानेवर लाली दिसायला लागायच्या क्षणाला पाण्यात सोडायची. लवकर सोडली तर काम झालं नाही, उशीर केला तर पितळ मेलं. त्यासाठी दिवे मालवून बसावं लागतं आणि नजर लागते.

ती माझ्याकडे नाही. मला रंग कळत नाहीत. तांबूस, जांभळा, तपकिरी, सगळं माझ्या डोळ्यांना एकाच मातीचं. यापायी रेल्वेनं मला इंजिनावर घेतलं नाही, कारखान्यात लेथवर टाकलं, आणि चाळीस वर्षं मी तिथं लोखंड कातलं. म्हणून आमची वाटणी ठरलेली होती. साचे माझे, ताव रॉलीचा. एका बैठकीला पन्नास पुंगळ्या. माझ्या शेडमध्ये अंधार करून तो बसायचा, प्रत्येक पुंगळी पाण्यात सोडताना "आला रंग" म्हणायचा, आणि पाणी चर्रकन वाजायचं. पन्नास झाल्या की कॉफी. एक्कावन्नावी त्यानं जन्मात कधी केली नाही.

"अरे, एकच राहिलीय, कर की," मी म्हणायचो.

"ती उद्या. लोभ वाईट, डेलमर."

सव्वा वर्षामागं, ऑक्टोबरात, रॉली कुंपण बघायला म्हणून मसलशेल नदीकडे गेला. संध्याकाळी त्याची गाडी उतारावर सापडली. दार उघडं, टोपी सीटवर, रायफल मागच्या खुंटीला. नदीला पाणी होतं. अकरा दिवस शोधलं, कुत्री आणली, होड्या आणल्या. काही मिळालं नाही. माझ्या मनात शंका नव्हती. पाय घसरला, पाण्यानं नेला, संपलं. मी एकटाच गाडीत बसून रडलो आणि तो विषय मिटवला.

त्याची बायको आर्डिस मिटवायला तयार नव्हती. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय अधू, आणि राहायला गावापासून एकोणीस मैलांवरच्या रँचवर एकटी. हिवाळ्यात तो रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. तिची मुलगी कॉर्लिस बिलिंग्जला असते, ती दर आठवड्याला मला फोन करायची.

"काका, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आईला बर्फ पडायच्या आत इकडं आणा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"तुझी आई कुणाचं ऐकते?"

"पहिला हिवाळा शेजाऱ्यांच्या जिवावर काढला. दुसरा ती काढणार नाही, डॉक्टर स्पष्ट बोललेत."

मी शब्द दिला. आर्डिसला समजावलंही. तिचं एकच उत्तर. "तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?"

एप्रिलमध्ये मी त्या वर्षीचा माल काढायला घेतला. ताव द्यायला कुणी नव्हतं. म्हटलं, निम्म्या चिरतील, चिरू देत. एका रविवारी पहिल्या साच्यातून पन्नास काढल्या, लाकडी ट्रेमध्ये उभ्या करून ठेवल्या आणि शेडला कुलूप लावून आत जेवायला गेलो.

सोमवारी सकाळी दुसऱ्या साच्याला बसलो. दांडा खाली ओढला, तर हाताला जोरच लागेना. पुंगळी लोण्यात गेल्यासारखी आत गेली. दुसरी घेतली, तीच तऱ्हा. पन्नासच्या पन्नास झाल्या आणि एकीलाही चीर नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मी काही भोळा माणूस नाही. या डब्यातला माल जात्याच मऊ असेल, असं ठरवलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या डब्यातल्या काढल्या. पंचवीस ट्रेमध्ये ठेवल्या, पंचवीस घरात, पावाच्या डब्यात. सकाळी पावाच्या डब्यातल्या पंचविसांपैकी चौदा चिरल्या. ट्रेमधल्या पंचवीस सुखरूप. गॅसबत्तीला हात लावून बघितला. गार होती. पाण्याचं घमेलं मी रॉली गेला तेव्हाच पालथं घातलं होतं, ते पालथंच होतं. खालची धूळसुद्धा हललेली नव्हती.

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मला रंग कळत नाहीत ना! ताव दिलेल्या पुंगळीच्या मानेवर एक पट्टा उमटतो म्हणतात. मला तिथं फार तर जरा मळकट दिसतं. दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज होती, आणि मी त्यातली एक खिशात घालून नेली कुणाकडे, तर आर्डिसकडे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ती रुबार्बचं गोड सारण भरून भाजलेली पाय कापत होती. मी पुंगळी टेबलावर ठेवली. "जरा बघ. मानेवर रंग आहे का?"

तिनं ती खिडकीपाशी नेली. बराच वेळ फिरवत राहिली.

"ताव कुणी दिला?"

"कुणी नाही. मालच तसा असेल."

"डेलमर, मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं तुम्हा दोघांना कॉफी देताना मी हेच बघितलंय." तिनं पुंगळी माझ्यासमोर धरली, जसं काही मला दिसणार होतं. "निळा पट्टा आहे. आणि एका बाजूला वर चढलाय, तिरका."

रॉलीचा डावा अंगठा तरुणपणीच गेला होता. गाईच्या गळ्यात दोर टाकला आणि खोगिराला वेढा देताना अंगठा आत राहिला. तेव्हापासून तो पुंगळी दोन बोटांत धरून फिरवायचा आणि ती नेहमी थोडी कलायची. मी बशीतला तुकडा संपवला.

"मी कुठं जात नाही," आर्डिस म्हणाली. "कॉर्लिसला सांग."

कॉर्लिसनं मला फोनवर असं झापलं की विचारू नका. "तुम्ही तिला आणणार होतात की तिथं खिळे ठोकून बसवणार होतात?" तिचं बरोबर होतं. तोंड दाखवायला जागा नव्हती मला.

मला वेगळीच शंका खाऊ लागली. माझ्या शेडची एक किल्ली रॉलीकडे असायची, म्हणजे आता आर्डिसकडे. ताव कसा द्यायचा हे तिला ठाऊक, तिरका पट्टा कसा काढायचा हेही ठाऊक. एकटी बाई, नवरा बेपत्ता. माणूस मनाच्या समाधानासाठी काय करेल सांगता येत नाही. एकोणीस मैल गाडी चालवून ती येत असेल? तिची गाडी तर चढावर बंद पडते. तरी म्हटलं, हे एकदा सिद्ध करावं, म्हणजे तिला कॉर्लिसकडे न्यायला मार्ग मोकळा होईल.

ऑक्टोबरात पहिलं वादळ येणार असं रेडिओनं सांगितलं. मी ट्रेमध्ये पन्नास कच्च्या पुंगळ्या ठेवल्या, शेडला नवीन कुलूप घातलं, त्याची किल्ली गळ्यात अडकवली आणि आर्डिसकडे मुक्कामाला गेलो. "वादळात तुला एकटीला सोडत नाही," म्हणालो. दोन रात्री तिथं राहिलो. रस्ता दोन फूट बर्फात बुडाला. तिथून एखादं पाखरू हललं असतं तरी खुणा दिसल्या असत्या. आम्ही पत्ते खेळलो, तिनं लबाडी केली, मी हरलो.

तिसऱ्या दिवशी रस्ता साफ करणारी गाडी आली. मी आर्डिसला बरोबर घेतलं आणि थेट माझ्या शेडला आलो. दाराशी बर्फ जसाच्या तसा होता. कुलूप उघडलं.

तिनं हातमोजे काढले आणि एकेक पुंगळी उचलून उजेडात धरायला सुरुवात केली. पन्नासच्या पन्नास बघितल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण बघण्यासारखं मला तिथंच काय ते होतं.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या."

ती माझ्या स्टुलावर बसली. मला वाटलं आता हिला आनंद होईल. तिचे ओठ थरथरत होते, पण ते रागानं.

"म्हणजे तो इथं येतो."

"आर्डिस, मला काही कळत नाही. मी फक्त..."

"शेचाळीस वर्षं संसार केला मी. वर्षभर त्याच्या बाजूचा दिवा चालू ठेवते. कॉफी दोघांची करते आणि एक ओतून देते. आणि हा तुझ्याकडे येतो. पितळ भाजायला!"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

"घराला कुलूप लावलं तरी चालेल," ती म्हणाली. "तिकडं तो येतच नाही."

आठवड्याच्या आत ती बिलिंग्जला गेली. मीच सोडलं. कॉर्लिसनं मला मिठी मारली, जेवायला घातलं, म्हणाली, "काका, तुम्ही तिला कसं पटवलंत?" मी म्हटलं, "तिनं स्वतःच ठरवलं." ते खोटं नव्हतं. परत येताना मी गाडीत शीळ घातली. मी शब्द पाळला होता, आणि आता या भानगडीला दार बंद करायचं एवढंच राहिलं होतं. शेडमध्ये जाऊन साचे तेल लावून कापडात गुंडाळले, ट्रे फळीवर चढवला. कच्चं पितळ नाही, तर तावही नाही. सोपा हिशेब.

तीन नोव्हेंबरला सकाळी सातला फोन वाजला. आर्डिस होती.

"डेलमर, तो आला होता रे!"

तिचा आवाज लग्नातल्या मुलीसारखा होता. पलंगाच्या कडेला बसला, म्हणाली. बोलला नाही. पण काय ऊब होती! इतकी छान झोप वर्षभरात लागली नव्हती. "मी उगीच त्याच्यावर चिडले. त्याला वेळ लागला इतकंच."

मग कॉर्लिसनं फोन घेतला. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, आईच्या मानेवरचे केस जळलेत. टोकं करपलीत, खोलीभर वास आहे. कशानं जळले? आमच्याकडं गॅस नाही, घरात काडेपेटी नाही. सगळं विजेवर चालतं."

मी फोन ठेवला आणि शेडमध्ये गेलो. साचे सोडवले. त्या संध्याकाळी पन्नास पुंगळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या.

सकाळी फोन आला नाही. पन्नास मऊ होत्या.

मग रोज तेच चालवलं. नोव्हेंबर संपताना, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात, मला ताप आला. एक संध्याकाळ काम झालं नाही. सकाळी सातला फोन.

"आला होता," आर्डिस म्हणाली. "या वेळी मान हातांत घेतली माझी. हळूहळू फिरवत होता, या बाजूनं, त्या बाजूनं. कसं सांगू तुला."

"काही बोलला?"

"एकच." ती हसली. "म्हणाला, अजून रंग आला नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. उशीवर गोल करपल्याचा डाग आहे, असं नंतर कॉर्लिसनं सांगितलं. डॉक्टरांनी आर्डिसची मान तपासली. थोडी लाल आहे, म्हणाले, गरम पाण्याच्या पिशवीनं झालं असेल.

तेव्हापासून न चुकता रोज पन्नास.

एकदा चाळीसच ठेवून बघितल्या. त्या सकाळी आर्डिसची उशी गरम होती, असं कॉर्लिस म्हणाली, एवढंच झालं. एकदा आधी ताव दिलेल्या पन्नास परत ठेवल्या. त्यांना त्यानं हात लावला नाही आणि सातला फोन वाजला. झालेलं काम पुन्हा करणारा माणूस नव्हताच तो. जुन्या पुंगळ्यांची मान साच्यात वर-खाली करून परत कडक करायचा प्रयत्नही झाला. तो माल फार दिवस टिकत नाही, तुटतो.

दर आठवड्याला साडेतीनशे पुंगळ्या लागतात. आमच्या गावात एवढं कोण झाडतं? मी तीन परगण्यांतल्या नेमबाजीच्या जागा फिरून आलो. मेलेल्या माणसांच्या सामानाच्या विक्रीला जाऊन त्यांच्या विधवांकडून डबेच्या डबे उचलले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. लोक म्हणतात, डेलमर हौगेन आता युद्धाला निघालाय. शेडमध्ये सातशे, हजार, दोन हजार तयार पुंगळ्या उभ्या आहेत, ज्या माझ्या रायफलीला दहा जन्म पुरतील. मी चार महिन्यांत एकही गोळी झाडलेली नाही.

रविवारी आर्डिस स्वतःहून फोन करते. तब्येत सुधारलीय तिची. नातवंडांना पत्ते शिकवते.

"तुझ्याकडे येतो का रे तो?" ती विचारते.

"नाही."

"मग कुठं असेल? इतक्या दिवसांत फिरकला नाही. माझं काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही, आर्डिस."

मी हे बोलतो तेव्हा ट्रे माझ्यासमोर असतो. माझा सगळ्यात जुना मित्र त्याच्या बायकोकडे जाऊ पाहतोय आणि मी त्याला रोज कामाला लावून अडवतोय. सांगू कुणाला? आणि सांगून काय, तिला जाऊ द्यायचं? ती तर हसत जाईल.

जानेवारीत खाणीवर चार फूट बर्फ चढला. शेरीफच्या माणसांचा सराव बंद आहे, मार्चपर्यंत. मी फावडं घेऊन गेलो होतो. दोन तास खणलं, सतरा मिळाल्या, त्यातल्या सहा लोखंडी. टपालानं मागवलेलं खोकं वादळामुळं माइल्स सिटीला अडकलंय. त्यातून माझ्या उजव्या हाताचे सांधे सुजलेत, मूठ वळत नाही. परवा डाव्या हातानं दांडा ओढला.

काल डबे झाडून बघितले. चिरलेल्या बाजूला काढल्या, फरशीवर पडलेली एक सापडली. साच्यातून काढून ट्रेमध्ये उभ्या केल्या. बावीस भरल्या.

आता सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं आहेत. शेडमध्ये जाऊन आलो. बावीसही मऊ आहेत.

आर्डिसचा सातचा फोन वाजावा म्हणून मी फोनजवळ बसलोय. पहाटे साडेपाचला एकदा वाजला होता. इतक्या लवकर आर्डिस कधी करत नाही. उचलला तर कॉर्लिस होती. तिला बोलता येत नव्हतं, आणि तिच्यामागं कुठंतरी पाणी चर्रकन वाजलं.